बालकवी : एक स्मरण

बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोली हे गाव वसलेले आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८५६ साली या गावापर्यंत आला आणि समोर सह्याद्रीची उभी भिंत पाहून तेथेच थांबला. त्यानंतर सात वर्षे पुण्याकडे जाणारा उतारू खोपोलीस गाडीतून उतरे आणि पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढे. १८६३ साली घाटातील मार्ग खुला झाला, मुख्य वाट पळसदरीपासून डोंगरात वळली आणि खोपोली एका लहानशा फाट्याचे शेवटचे ठाणे होऊन राहिली. आजही कर्जतहून सुटणारी लोकल पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी ठाणी घेत खोपोलीस येते आणि तेथूनच परत फिरते. शाळेच्या वेळेला या गाडीत पाठीवर दप्तर अडकविलेली मुले हटकून दिसावयाचीच.

या मुलांना पावसाचे अप्रूप नाही. आषाढात येथे दिवसचे दिवस सूर्यदर्शन होत नाही. घाटाच्या कड्यांवरून असंख्य पांढऱ्या धारा सुटतात आणि ढग इतके खाली उतरतात, की नागफणीचा सुळका आहे की नाही याचीच शंका यावी. मग श्रावण लागतो. घटकेत सर आणि घटकेत ऊन असा खेळ सुरू होतो, आणि नेमक्या त्याच सुमारास वर्गात ‘श्रावणमास’ ही कविता शिकवावयास निघते. ती पाठ करण्यासाठी मुलांना फारसे कष्ट पडत नाहीत. ती म्हणू लागले, की पुढची ओळ आपोआप तोंडात येते.

कवितेच्या खाली कवीचे नाव असते : त्र्यंबक बापूजी ठोंबरे, ‘बालकवी’. नावाशेजारी कंसात दोन साले असतात, १८९० आणि १९१८. एखादा चौकस विद्यार्थी त्या सालांची वजाबाकी करतो आणि उत्तर पाहून थबकतो. उत्तर अठ्ठावीस येते. आणि तेही पुरते खरे नाही. बालकवींचा जन्म १३ ऑगस्ट १८९० चा आणि मृत्यू ५ मे १९१८ चा. अठ्ठाविसावे वर्ष पुरे होण्यास अजून तीन महिने उरले होते.

हा मुलगा खानदेशातला. धरणगाव हे त्याचे जन्मगाव आज जळगाव जिल्ह्यात आहे. वडील पोलीस खात्यात नोकरीस होते आणि खात्याच्या रिवाजाप्रमाणे त्यांची सतत बदली होई. घराचे बिऱ्हाड आज या गावी तर उद्या त्या गावी. अशा घरातील मुलाच्या शाळेचे जे व्हावयाचे तेच त्र्यंबकच्या शाळेचे झाले. अभ्यासाची घडी कधी नीट बसली नाही. परंतु बदल्यांचा एक लाभ त्याला असा झाला, की त्याने लहान वयातच नाना प्रकारची भूमी पाहिली. खानदेश म्हणजे केवळ काळी माती, कापूस आणि कडक ऊन अशी अनेकांची समजूत असते. ती खरी नाही. पश्चिमेस नवापूरकडे गेले, की दाट रान लागते, ओढे लागतात, डोंगरांच्या रांगा लागतात. या नवापुरातच वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास त्याने आपली पहिली कविता रचली असे त्याचे चरित्रकार सांगतात. जो मुलगा पुढे फुलांना, झऱ्यांना आणि चांदण्यांना बोलते करणार होता, त्याची खरी शाळा रानात भरली होती असे म्हटले तर ते अगदीच चुकीचे होणार नाही.

रेल्वेही त्याच्या बालपणात अशीच एकाएकी येऊन मिळाली. सुरतेहून जळगावास जाणारा तापी खोऱ्यातील लोहमार्ग नवापूर आणि धरणगाव या दोन्ही गावांवरून जातो. तो बांधून पुरा झाला, तेव्हा त्र्यंबक सुमारे दहा वर्षांचा होता. त्या पिढीतील मुलांना आगगाडीचे केवढे कौतुक! इंजिनाचा धूर लांबून दिसला, की सारी पोरे रुळांकडे धाव घेत.

१९०७ साली जळगावास महाराष्ट्रातील कवींचे संमेलन भरले. अध्यक्षस्थानी डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. हे गृहस्थ वैद्यकीय सेवेत मोठ्या हुद्द्यावर काम केलेले आणि वनस्पतिशास्त्राचे गाढे अभ्यासक. त्याबरोबरच मराठी कवितेचे भोक्ते. त्या सभेत सतरा वर्षांचा एक सडपातळ मुलगा उभा राहिला आणि त्याने आपली कविता म्हणून दाखविली. सभेतील जाणती मंडळी चकित झाली. अध्यक्षांनी तेथल्या तेथे त्याचा ‘बालकवी’ म्हणून गौरव केला, आणि ते नाव त्याला असे चिकटले, की ठोंबरे हे आडनाव पुढे पुष्कळांच्या विस्मरणात गेले.

पदवी देणाऱ्यांचा हेतू अत्यंत प्रेमाचा होता, यात संशय नाही. तरीही वाटते, की हे नाव त्या कवीला थोडे जाचकच झाले. बाल म्हटले, की लोक हसरेपण शोधतात. फुले, पाखरे, इंद्रधनुष्य एवढेच त्याच्याकडून मागतात. क्रमिक पुस्तकांनीही तेच केले. बालकवींनी अंधारावर, उदासीनतेवर, ओसाड जागी घुमणाऱ्या पारव्यावर लिहिले आहे, हे शाळा सोडल्यावरच बहुतेकांना समजते. ‘खेड्यातील रात्र’ ही त्यांची कविता वाचताना मोठ्या माणसाच्याही अंगावर शहारा येतो. ज्याने सृष्टीतला आनंद इतक्या मोकळेपणी गाइला, त्याच्याच मनात अशी काळोखी कशी दाटून येई, याची मीमांसा टीकाकारांनी पुष्कळ केली आहे. त्या खोलात येथे शिरण्याचे कारण नाही. इतकेच खरे, की त्यांना स्थिर नोकरी लाभली नाही, पैशाची ओढाताण कधी सुटली नाही आणि संसारातही स्वास्थ्य मिळाले नाही.

मात्र एका घरी त्यांना मायेची सावली मिळाली. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक हे जळगावच्या त्या संमेलनातील एक प्रमुख गृहस्थ. त्यांनी या मुलाला अहमदनगरास आपल्या घरी नेले. टिळक ख्रिस्ती झालेले, ठोंबरे ब्राह्मणाच्या घरातला. आणि काळ विसाव्या शतकाच्या आरंभीचा. परंतु त्या घरात माणसाला माणूस म्हणून जागा होती. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी त्याला पोटच्या मुलासारखे वागविले. पुढे १९३४ पासून त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध होऊ लागले. त्यात ‘ठोंबरे’ आपल्याला भेटतात ते कवी म्हणून कमी आणि घरातील एक हट्टी, भोळे, लोभस मूल म्हणून अधिक. लक्ष्मीबाईंची लेखणी कोणाचे स्तोम माजवीत नाही. त्यामुळेच तो मुलगा आजही त्या पानांतून हिंडताफिरताना दिसतो. एखाद्या गेलेल्या माणसाचे खरे स्मारक पुतळ्यापेक्षा अशा साध्या आठवणींतच अधिक टिकते, हे ज्याने ‘स्मृतिचित्रे’ वाचले आहे त्याला पटावे.

बालकवींच्या कवितांची संख्या सुमारे दीडशे भरते. त्यांत ‘फुलराणी’ आहे, ‘निर्झरास’ आहे, ‘औदुंबर’ आहे. ‘औदुंबर’ तर अवघ्या आठ ओळींची. एक गाव, एक झरा, एक पायवाट, एक डोह आणि डोहाकाठचे झाड, एवढाच तिचा ऐवज. परंतु या आठ ओळींवर मराठीतील विद्वानांनी जेवढी पाने लिहिली, तेवढी क्वचितच दुसऱ्या एखाद्या लहान कवितेवर लिहिली असतील. ते झाड म्हणजे तपस्वी, ते झाड म्हणजे काळ, ते झाड म्हणजे स्वतः कवी, असे नाना अर्थ लावण्यात आले. खोपोलीच्या आसपासच्या मुलांना त्या वादाशी कर्तव्य नाही. ओढ्याकाठी उंबर असतो, त्याची मुळे पाण्यात गेलेली असतात, आणि त्याच्या सावलीत पाणी काळे दिसते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते.

१९१८ हे वर्ष सर्व जगालाच वाईट गेले. युरोपात महायुद्ध चालू होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात, युद्ध थांबण्यास एक आठवडा उरला असता, विल्फ्रेड ओवेन हा इंग्रज कवी पंचविसाव्या वर्षी रणांगणात पडला. आपल्याकडे त्या वर्षी इन्फ्लुएन्झाची साथ आली आणि तिने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. मराठी कवितेपुरते पाहिले, तर बालकवींच्या पाठोपाठ आठ महिन्यांनी, २३ जानेवारी १९१९ रोजी, तेहतीस वर्षांचे गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी गेले. आणि त्याच वर्षी ९ मे रोजी टिळकही गेले. केशवसुत तर त्याआधीच, १९०५ साली, चाळिशी गाठण्यापूर्वी प्लेगला बळी पडले होते. एका पिढीचा केवढा हा तोटा!

परंतु बालकवींना युद्धाने नेले नाही, साथीने नेले नाही, दीर्घ आजारानेही नेले नाही. जळगाव आणि भुसावळ यांच्या दरम्यान भादली नावाचे लहानसे स्टेशन आहे. मे महिन्याची ५ तारीख, खानदेशातला ऐन उन्हाळा. त्या स्टेशनाजवळ रुळांवर आगगाडीखाली सापडून त्यांचा अंत झाला. घटना एवढीच.

एवढ्यावर लोकांचे समाधान कसे होणार? थोड्याच काळात त्या घटनेभोवती कथा गुंफल्या गेल्या. कोणी सांगतो, त्यांची वहाण रुळांत अडकली. कोणी सांगतो, ते कवितेच्या तंद्रीत होते, त्यांना गाडीची शिटी ऐकूच आली नाही. ही दुसरी कथा विशेष लोकप्रिय आहे, कारण कवी हा असाच मरावयाचा अशी आपली एक गोड समजूत असते. ती कथा वर्गात सांगू नये हे बरे. तिच्यात एक प्रकारचा अन्याय आहे. तिच्यामुळे अपघाताला शोभा येते आणि दोष त्या बिचाऱ्या कवितेच्या माथी जातो. रुळांवर दगावणाऱ्या हजारो माणसांपैकी किती जण कविता रचीत असतात? ती घाईत असलेली, दमलेली, रोजची वाट म्हणून निर्धास्त झालेली साधी माणसे असतात. सत्तावीस वर्षांचे ठोंबरे त्या क्षणी त्यांच्यातलेच एक होते.

आगगाडीची करामत ज्या गोष्टीत आहे, तिच्यातच तिचा धोका आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरते तेव्हा घर्षण फार थोडे होते. म्हणूनच एक इंजिन शेकडो खंडी ओझे सहज ओढते. आणि म्हणूनच वेगात असलेली गाडी मनात आणले तरी जागच्या जागी थांबू शकत नाही. चालकाला रुळावरचा माणूस दिसतो, तो शिटी देतो, ब्रेक लावतो, तरी कित्येकदा शेकडो वार अंतर गाडी पुढे घसरतच जाते. बोरघाटात हे उघड दिसते. तेथील चढ इतका अवघड, की वर जाणाऱ्या गाडीला कर्जतपासून मागे आणखी इंजिने लावून ती रेटावी लागते. आणि उतरणाऱ्या गाडीला वाटेत मुद्दाम उभे करून तिचे ब्रेक नीट चालतात की नाही हे पाहिल्याशिवाय पुढे सोडीत नाहीत. ज्या माणसांनी हा घाटमार्ग खोदला, त्यांतील कित्येक सुरुंगांनी, कोसळलेल्या दरडींनी आणि पटकीच्या साथीने मेली. त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. मुंबईच्या उपनगरी लोहमार्गांवर आजही वर्षाकाठी दोन हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकतात, आणि त्यांतील पुष्कळशी रूळ ओलांडताना. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्यांपैकी बहुतेकांना एक ओळही मिळत नाही. बालकवींचे मरण आपल्याला ठाऊक आहे, ते त्यांच्या कवितेमुळे. परंतु घरी वाट पाहणाऱ्यांना त्यांचे दुःख जेवढे झाले असेल, तेवढेच त्या निनावी माणसांच्या घरीही होते.

टिळकांच्या घरी ही बातमी पोहोचली असेल, तेव्हा लक्ष्मीबाईंची काय अवस्था झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी. सोळा वर्षांनी त्यांनी आठवणी प्रसिद्ध केल्या, तेव्हाही त्यांच्या लेखी ठोंबरे लहानच होते. तरुणपणी गेलेल्या माणसाचे हे एक विशेष असते. त्याच्या बरोबरीचे पिकतात, वाकतात, त्यांना नातवंडे होतात. तो मात्र होता त्या वयाचाच राहतो. बालकवी जगते तर गडकऱ्यांच्या मागून आलेल्या रविकिरण मंडळाच्या कवींना वडीलकीच्या नात्याने चार शब्द सांगते, पुढे कदाचित साहित्य संमेलनाचे अध्यक्षही होते, आणि साठीचे पांढऱ्या केसांचे गृहस्थ झाल्यावर ‘बालकवी’ या नावाने कोणी हाक मारली असती, तर मनातल्या मनात हसते. त्यांच्या कवितेची वाट पुढे कोठे वळली असती, हे सांगणे कठीण. अखेरच्या काळातील काही कविता पाहता ती फुलांच्या बागेतून बाहेर पडून अधिक गहन प्रदेशाकडे निघाली होती, असे मात्र नक्की वाटते. आपल्या हाती लागले आहे ते त्या प्रवासाच्या पहिल्या काही मुक्कामांचे लेखन.

आणि तेवढ्यावरही त्यांचे शब्द कोठल्या कोठे गेले! १९७५ साली पु. ल. देशपांडे यांनी बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ या नाटकाचे मराठी रूप केले, तेव्हा नावासाठी त्यांनी बालकवींच्याच दारी हात पसरला. ‘ती फुलराणी’ हे ते नाटक. त्यातली फुले विकणारी मंजुळा भक्ती बर्वे यांनी अशी काही उभी केली, की अनेकांच्या मनात फुलराणी म्हणजे त्याच. दैवाचा खेळ असा विचित्र, की १२ फेब्रुवारी २००१ रोजी त्याही अपघातातच गेल्या. खोपोलीहून पनवेलकडे जाताना द्रुतगती मार्गावर भाताणचा बोगदा लागतो. त्या बोगद्याजवळ त्यांच्या मोटारीला अपघात झाला. या योगायोगातून काही गूढ अर्थ काढण्याची गरज नाही. रस्ते झाले, गाड्या झाल्या, वेग वाढला, अपघातही होणारच. परंतु खोपोलीच्या एखाद्या जुन्या नाटकवेड्या माणसाला ‘फुलराणी’ हा शब्द ऐकताच दोन मरणे आठवतात, आणि तो क्षणभर गप्प होतो.

भादलीच्या स्टेशनावरून आज मुंबई-हावडा मार्गाच्या गाड्या दिवसरात्र धडधडत जातात. मोठ्या गाड्या तेथे थांबत नाहीत. खिडकीतून पाहणाऱ्याला केळीच्या बागा दिसतात, एक पाटी दिसते आणि पाटीवरचे नाव वाचून होण्याच्या आत ती मागे पडते.

ज्यांनी जळगावच्या सभेत त्या मुलाला नाव दिले, ते डॉक्टर कीर्तिकर १९१७ साली, म्हणजे त्याच्या आधी एक वर्ष वारले. भारतातील औषधी वनस्पतींवर त्यांनी आयुष्यभर टिपणे केली होती. मेजर बामनदास बसू यांच्या साह्याने सिद्ध झालेला तो प्रचंड ग्रंथ छापून निघाला १९१८ साली, बालकवी गेले त्याच वर्षी. त्यात उंबराचेही वर्णन आहे. त्याची साल कशावर द्यावी, फळ कशावर, चीक कशावर, हे सारे तेथे नोंदलेले आहे. बालकवींच्या आठ ओळींत त्या झाडाचा उपयोग एकही सांगितलेला नाही. तेथे ते डोहाच्या काठी नुसते आहे.